नजाशीचा दरबार आणि मैत्रिणीची आजी

गेल्या डिसेंबरात आमच्यासोबत शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंच्या आई वारल्या. अंत्यविधीची प्रार्थना कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये होती. आम्ही निघालो, तशी आमची मुलगीही दारात येऊन चपला घालू लागली. घरातल्या थोरल्या फुफींनी अडवले, "पोरीला कशाला नेता गिरजाघरात? आपल्यात चालतं का ते?" मुलगी काही बोलली नाही, पण चपलाही काढल्या नाहीत.

तिचे कारण आम्हाला ठाऊक होते. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात दगडफेक झाली, त्या दिवशी ती याच घरी मैत्रिणीकडे गेली होती. इंटरनेट बंद झाले आणि आमचा जीव टांगणीला लागला. त्या आजींनी तिला संध्याकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. गरम भाकरी वाढली. असरची वेळ झाली तेव्हा पश्चिम कुठे आहे ते दाखवून स्वतःच्या हाताने धुतलेली चादर अंथरून दिली.

तरीही फुफींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. तो अनेक घरांत विचारला जातो. म्हणून रात्री आम्ही सगळ्यांना घेऊन बसलो आणि सीरतमधली एक हकीकत सांगितली.

मक्केत मुसलमानांचा छळ असह्य झाला, तेव्हा इ.स. 615 च्या सुमारास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काही सोबत्यांना हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला जाण्यास सांगितले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता, पण त्याच्या राज्यात कुणावर जुलूम होत नसे. इस्लामची ही पहिली हिजरत. मदीनेची हिजरत तिच्यानंतर सात वर्षांनी झाली.

कुरैशांनी नजराणे देऊन माणसे पाठवली : आमचे पळालेले लोक परत द्या. नजाशीने एकतर्फी निकाल दिला नाही. हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांना बोलते केले. जाफर यांनी सूरह मरियममधल्या आयती ऐकवल्या, तेव्हा राजाचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी कुरैशांनी डाव टाकला : हे लोक ईसांविषयी काय मानतात ते तर विचारा! जीव वाचवायचा तर गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. जाफर यांनी तसे केले नाही. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे बंदे, त्याचे रसूल आणि पवित्र कुमारी मरियम (अ.) यांचे पुत्र आहेत, असे त्यांनी भर दरबारात सांगितले. नजाशीने कुरैशांचे नजराणे परत केले. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांच्या तोंडून. त्या स्वतः त्या हिजरतीत होत्या.

मुलीने विचारले, "मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?" फरक आहे आणि तो झाकू नये. ख्रिस्ती बांधव येशूंना देवाचे पुत्र मानतात, त्यांना क्रुसावर मरण आले असे मानतात. कुरआन या दोन्ही गोष्टी नाकारतो. आपल्यासाठी तौहीदमध्ये तडजोड नाही. मात्र मरियम (अ.) यांचे नाव कुरआनात 34 वेळा आले आहे, हेही मुलांना ठाऊक हवे.

पुढे नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदीनेला आले. ईसांविषयी वाद झाला, एकमत झाले नाही. तरीही त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा मस्जिदे नबवीत त्यांना प्रार्थना करू दिली गेली, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. एका यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले. कुणीतरी आठवण करून दिली, तेव्हा तोही एक जीवच नव्हता का, असे त्यांनी विचारले.

इतिहास सगळा गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. हेच जाफर (रजि.) इ.स. 629 मध्ये मूताच्या लढाईत रोमन साम्राज्याच्या ख्रिस्ती फौजेशी लढताना शहीद झाले. एका ख्रिस्ती राजाने आसरा दिला, दुसऱ्याच्या फौजेने प्राण घेतला. म्हणजे माणूस ओळखायचा तो त्याच्या न्यायावरून, नुसत्या धर्माच्या नावावरून नाही.

कोल्हापूरला हे नवे नाही. 1852 मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले आणि शाळा काढल्या. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या इस्पितळात आपल्या कित्येक घरांतली माणसे बरी झाली. 1906 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. कुरआनच्या मराठी भाषांतरासाठीही महाराजांनी मदत केली. आपण शिकलो ते अशा अनेकांच्या हातांमुळे.

त्या दिवशी आम्ही मुलीला घेऊन गेलो. मागच्या बाकावर बसलो. त्यांच्या इबादतीत आम्ही सामील झालो नाही, गप्प राहिलो. बाईंचा हात हातात घेतला आणि परतलो.

हे सगळे ऐकल्यावर फुफी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जाफर शहीद झाले तेव्हा हुजूरांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवायला सांगितलं होतं. ज्या घरात मयत झाली, तिथं चूल कोण पेटवणार?"

सकाळी फज्रनंतर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. फुफी डबा भरत होत्या, चपला घालून मुलगी दारात थांबली होती.