विनाइल मूळ आकार विसरत नाही
गाडी आपली, हात आपला – भाग ९

गाडी सजवायला कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास इथं ‘रिक्षा सुंदरी’ स्पर्धा भरते. तिथं उतरलेल्या रिक्षांच्या आत एकदा डोकावून बघा, म्हणजे नाद काय असतो ते कळेल. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हाही सोनं लुटायला आलेली निम्मी गर्दी मान उंचावून गाडीच बघत असते. त्यामुळे ‘आतून गाडी जरा वेगळी दिसली पाहिजे’ ही इच्छा आपल्याकडे नवी नाही. हे काम आता घरच्या टेबलावर होऊ शकतं, एवढंच नवं.

मागच्या भागात ट्रिमच्या पट्ट्या लॉक न मोडता कशा काढायच्या ते पाहिलं. आज त्या पट्ट्यांवर विनाइल फिल्म चढवायची आहे.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. मूळचं पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून ते लवचीक केलं. आज रेक्झिनपासून वायरच्या आवरणापर्यंत दिसतो तो सगळा त्याचाच पसारा. गाडीवर रंगाऐवजी फिल्म चढवण्याची सवय युरोपात वाढली, त्यात जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांचा मोठा वाटा. तिथं टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा होता आणि तो रंग मारलेली गाडी पुढं विकताना भाव पडायचा. म्हणून मूळ रंग तसाच ठेवून वर फिल्म लावायची आणि विकताना सोलून काढायची. आपल्याला आतल्या पट्ट्यांवर तेच करायचं आहे.

रेडियमच्या दुकानात गेलात की समोर दोन जातींचे रोल येतात आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. एक कॅलेंडर्ड, म्हणजे गरम पीव्हीसी रुळांमधून दाबत, ताणत पातळ केलेलं. दुसरं कास्ट, म्हणजे पातळ द्रव एका गुळगुळीत पृष्ठभागावर ओतून भट्टीत सुकवलेलं. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या फाउंड्र्यांच्या गावाला ओतकाम काय असतं ते समजावण्याची गरज नाही. ओतलेल्या फिल्मला तयार होताना ताण बसलेला नसतो, त्यामुळे ती वळणावर बसली की बसून राहते. रुळांतून निघालेली फिल्म मात्र आपला जुना आकार विसरत नाही. ऊन लागलं की ती आक्रसायला लागते आणि दोन महिन्यांत कडेला मूळ प्लॅस्टिकची काळी रेघ डोकं वर काढते. सपाट पाटीवर कॅलेंडर्ड चालतं. गोलाई असलेल्या पट्टीवर ते वापरून पैसे वाचत नाहीत, काम दुप्पट होतं. दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘कास्ट आहे का?’ त्यानं ‘सगळं एकच असतं हो’ म्हटलं, तर दुसरं दुकान गाठा. थ्रीएम, एव्हरी डेनिसन यांच्या रॅपिंग फिल्म कास्ट असतात आणि त्यांच्या गोंदात हवा निघून जायला बारीक नाल्या असतात. नवशिक्याला या नाल्यांचा फार आधार. रोलचा पन्हा साधारण दीड मीटर असतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांच्या आतल्या पट्ट्यांना मीटरभर फिल्म पुरून उरते. थोडी उरलेली बरी, कारण पहिली पट्टी बहुधा वाया जाते.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे : आत चकचकीत काही नको. कारखान्यातून येणारा पियानो ब्लॅक दोन महिन्यांत ओरखड्यांनी भरतो, म्हणूनच तर लोक फिल्मकडे वळतात. मग पुन्हा ग्लॉसी कशाला? डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला चकाकी आली तर तिचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारी चालवताना डोळ्यांवर येतं. मॅट काळा, मॅट करडा किंवा ब्रश्ड मेटल घ्या. ब्रश्ड मेटलला रेषांची दिशा असते. कापण्याआधी मागच्या कागदावर प्रत्येक तुकड्याला बाण काढून ठेवा. नाहीतर डाव्या दारावर रेषा आडव्या आणि उजव्या दारावर उभ्या येतील, आणि त्यावर उपाय नाही. कार्बन फायबरची नक्षी जास्त ताणली की चौकटी वाकड्या होतात, म्हणून ती सपाट पट्टीलाच शोभते. लाकडी फिनिशबद्दल न बोललेलं बरं.

आता खरं काम, ते म्हणजे धुणं. आपल्याकडच्या गाड्यांचा डॅशबोर्ड सर्व्हिसिंगनंतर तेलकट चमकत असतो. ती चमक बहुतेक वेळा सिलिकॉनच्या पॉलिशची असते आणि सिलिकॉनवर कुठलाच गोंद धरत नाही. पट्टी आधी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा, खोबणीतून जुना टूथब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कोविडच्या वेळची सॅनिटायझरची बाटली कपाटात असेल तर ती तिथंच राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरॉल असतं आणि त्याचा चिकट थर मागं राहतो. थिनर तर अजिबात नको, तो एबीएस प्लॅस्टिक विरघळवतो. पुसल्यानंतर पट्टी फक्त कडेनं धरा, बोटाचं तेलसुद्धा पुरतं.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दसऱ्याआधी गाडी सजवायची घाई सगळ्यांनाच असते, पण तेव्हा कोल्हापूरच्या हवेतला ओलावा पुरता गेलेला नसतो. दिवाळीनंतरची दुपार उत्तम. थंडीच्या सकाळी फिल्म ताठरते आणि चैत्रातल्या उन्हात गोंद हात लावताक्षणी पकडतो. साधारण २० ते ३० अंशांत फिल्म शहाण्यासारखी वागते. खोलीत फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि पंखा बंद करा. फिल्मखाली अडकलेला धुळीचा एक कण मॅट रंगावर हरभऱ्याएवढा दिसतो.

दारावरची पॉवर विंडोच्या बटणांची पट्टी घेऊ. पहिल्यांदा करणाऱ्याला हीच बरी, कारण तिच्यात सपाट भाग, गोलाई आणि भोक तिन्ही आहेत. सॉकेट काढा, मागचे स्क्रू काढून बटणांचा सांगाडा वेगळा करा. पट्टीपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर मोठा तुकडा कापा. कागद सोलून फिल्म वरून अलगद टेकवा आणि मधोमध बोटानं दाबा. मग फेल्टची कड लावलेली स्क्वीजी मधून बाहेर फिरवत न्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्यावरून जाऊ द्या. सुरकुती आली तर दाबू नका. फिल्म उचला, ब्लोअरची ऊब द्या, सुरकुती आपोआप मिटते आणि पुन्हा टेकवता येते. बटणांचं भोक इतक्यात कापायचं नाही. त्यावरची फिल्म ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली असेल तर आजूबाजूची गोलाई सरळ बसते.

कोपऱ्याशी आलात की हात आवरा. फिल्म गरम करून ओढली की ती येत जाते, आणि तिथंच माणूस फसतो. जास्त ताणलेली जागा फिकी पडते आणि गोंदही पातळ होतो. कोपऱ्यावर आधी थोडी सैल फिल्म गोळा करा, मग ऊब देऊन अंगठ्यानं बसवा. उरलेली घडी मागच्या बाजूला वळवा आणि जिथं दुमडून जाड होईल तिथं कात्रीनं पाचर कापून काढा. मागं किमान पाच-सात मिलिमीटर फिल्म चिकटली पाहिजे. मग भोकावर गुणाकाराची खूण कापा. चीर अगदी कोपऱ्यापर्यंत नेऊ नका, दोन मिलिमीटर आधी थांबा, म्हणजे फाट पुढं सरकणार नाही. ब्लेडचं टोक दर दोन-तीन कापांनंतर मोडून नवं करा. बोथट ब्लेड कापत नाही, ओढतं.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती. पट्टी छान दिसतेय म्हणून लगेच बसवून टाकू नका. जिथं जिथं फिल्म ताणली गेली, म्हणजे गोलाया, कोपरे आणि मागच्या घड्या, तिथं हीट गननं साधारण ९५ अंशांपर्यंत तापवा. त्या उष्णतेनं विनाइल नव्या आकारात स्थिरावतं आणि मागं ओढ घेत नाही. केसांचा ड्रायर एवढं तापमान सहसा गाठत नाही. हीट गन भाड्यानं किंवा शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून आणा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. गन एका जागी धरून ठेवू नका, खालचं प्लॅस्टिकही मऊ पडतं. ही पायरी गाळली तर पुढं काय होतं? अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उन्हात तासभर उभ्या ठेवलेल्या गाड्या मोजल्या, तर डॅशबोर्डचं सरासरी तापमान ६९ अंश भरलं. रंकाळ्यावर मे महिन्याच्या दुपारी गाडी लावली तर तुमची पट्टीही चांगलीच तापणार. आधी त्याहून जास्त तापवून घेतलेली फिल्म तेव्हा जागची हलत नाही.

काही जागांना हात लावायचाच नाही. स्टिअरिंगचं मधलं झाकण, डाव्या बाजूला डॅशबोर्डमधलं एअरबॅगचं झाकण आणि पडद्याच्या एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या काचेलगतचे खांब. १ एप्रिल २०२१ पासून येणाऱ्या नव्या मॉडेलांना पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत, आणि कित्येक गाड्यांत डावीकडची शीव वरून दिसतही नाही. ती आतून खाच देऊन पातळ केलेली असते. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते. त्या क्षणी झाकण ठरल्या जागी फाटलं पाहिजे, वरची फिल्म त्याला अडवू शकते. पिवळ्या रंगाचं सॉकेट दिसलं की ते एअरबॅगचं समजा आणि सोडून द्या. दाणेदार डॅशबोर्डवरही फिल्म लावू नका, कारण गोंद फक्त दाण्यांच्या टोकांना धरतो.

कागदपत्रांची भीती नको. आरसी बुकात बाहेरचा रंग नोंदलेला असतो, आतल्या पट्ट्यांचा नाही.

सगळा सेट एकदम करायला घेऊ नका. एकच पट्टी करा, गाडीत बसवा आणि पंधरा दिवस गाडी नेहमीसारखी उन्हात लावा. कड उठली तर ती ऊब देऊन हळूहळू सोला, कास्ट फिल्म फारसा गोंद मागं न ठेवता निघते. कड बसून राहिली तर उरलेल्या पट्ट्या काढायला हरकत नाही. पुढच्या रविवारी स्टिअरिंगला हातानं शिवायचं कव्हर. दाभण आणि मेण लावलेला दोरा आणून ठेवा.