भांडं पडलं की छाती का धडधडते?

किल्लारीसारख्या भूकंपातून वाचलेला माणूस कित्येक वर्षांनीही ट्रक गेल्यावर तावदानं थरथरली की दचकतो. धोका टळल्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं. पण मेंदूतला अमिग्डाला नावाचा रखवालदार विचार व्हायच्या आतच हाक देतो. रक्तात अ‍ॅड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक उतरतं, तळहात घामेजतात. मागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं. एरवी हे थोड्या वेळात ओसरतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मात्र झोप उडते, रक्तदाब चढतो.

लहानपणी सोसलेल्या आघातांचीही खूण अशीच शरीरावर राहते का? अमेरिकेत फेलिट्टी, अँडा आणि सहकारी संशोधकांनी साडेनऊ हजार प्रौढांना बालपणाविषयी विचारलं; तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. मारहाण, घरातली व्यसनं असे अनेक आघात सोसलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला. सिगारेट-दारूचा त्यात वाटा होताच. पण ती हाती का आली, हेही विचारायला हवं ना?