टेम्पोचे टायर: नवीन धंदेवाल्यांनी आधी काय वाचावे?

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात बागकामाची कंत्राटे घेतो. सोसायट्यांमध्ये लॉन बसवणे, कापणे, लाल माती आणि खत टाकणे, असे काम. त्यासाठी त्याने हप्त्यावर जुना छोटा टेम्पो घेतला. एप्रिलअखेरच्या एका दुपारी उरुळी कांचनच्या नर्सरीतून लॉन घेऊन येताना सोलापूर रोडवर मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकाला घासून थांबली. मागे मालावर बसलेला पोरगा खाली पडला, हात मोडला. (मालावर माणूस बसवायचाच नसतो, पण ते वेगळे.) लॉन उन्हात सुकून गेले, हप्ता थकला.

पंक्चरवाल्या चाचांनी टायर उलटून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, हा कारचा टायर आहे."

चूक इथेच होती. बारा इंची रिमला जुन्या छोट्या कारचा टायरही बसतो आणि तो स्वस्त मिळतो. बसतो म्हणजे चालतो असे नाही. टायरच्या बाजूला साईजनंतर एक आकडा छापलेला असतो, तो वजन पेलण्याचा निर्देशांक. ६९ असेल तर तो टायर जास्तीत जास्त ३२५ किलो पेलतो, ८६ असेल तर ५३० किलो. म्हणजे मागच्या दोन टायरचा हिशेब एकीकडे ६५० किलो, दुसरीकडे १०६० किलो. मालवाहू टायरवर 'एलटी' ही अक्षरे आणि '८ पीआर' अशी खूणही असते. ८ पीआर म्हणजे आत मोजून आठ थर असतातच असे नाही, ते मजबुतीचे माप आहे. आपल्या गाडीला कोणते माप हवे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. दुकानदाराच्या आधी ते वाचावे.

आता मालाचे बघू. या धंद्यात फसवते ती माती. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पाव ब्रास ऐकायला थोडे वाटते, पण ओलसर लाल माती पाव ब्रास घेतली तरी ती टनाच्या आसपास जाते. छोट्या टेम्पोची क्षमता साधारण पाऊण टनाची! लॉनचेही तसेच. सुकू नये म्हणून त्यावर पाणी मारतात आणि प्रत्येक लिटर पाणी एक किलोने वजन वाढवते. दोन फेऱ्या केल्या तर डिझेल जास्त जाते, हे खरे. पण जादा माल सापडला तर कायद्याने २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. त्यात किती फेऱ्या होतील ते ज्याचे त्याने मोजावे.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, वाकते, आतून तापते. वरून माल आणि खाली तापलेले डांबर. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. गाडी चालून तापली की आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नये. माल भरल्यावर मागच्या टायरला किती हवा लागते तेही पुस्तकातच मिळते.

घासणे पाहूनही बरेच कळते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट करून घ्यावे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की फक्त १.६ मिमी उरले, टायर बदलायची वेळ झाली.

जुना टायर घेत असाल तर चार आकडे शोधा. २३२१ असेल तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवीकोरी दिसली तरी रबर वयाने कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात. असा टायर आम्ही तर फुकटही घेणार नाही. रिमोल्ड केलेला घ्यावाच लागला तर पुढच्या चाकांना कधीच लावू नये. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक साधा अशी जोडीही नको.

बागकामवाल्यांना आणखी एक त्रास असतो, काटे. छाटलेली बाभूळ, बोगनवेल यांचा कचरा भरताना काटे गाडीभोवती सांडतात आणि निघताना आपणच त्यावरून जातो. गाडी हलवण्याआधी झाडू मारायला दोन मिनिटे लागतात.

त्या मुलाने आता मालवाहू टायरची जोडी घातली आहे, तीही हप्त्यावरच. शुक्रवारी सकाळी चाचांकडे पाचही चाकांची हवा बघतो. पाचवी स्टेपनी. त्या दिवशी तिच्यातही हवा नव्हती.