पदवी हातात, पगार मात्र रोजंदारीपेक्षा कमी

गेल्या महिन्यात एका निकाहच्या दावतीत आमची एक माजी विद्यार्थिनी भेटली. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, टीईटीही पास आहे. वैजापुरातल्याच एका खाजगी शाळेत गणित शिकवते. पगार विचारला तेव्हा थोडी घुटमळली, मग म्हणाली, "सर, साडेसात हजार." तिची अम्मी शेजारीच होती. त्या लगेच बोलल्या, "सर, इत्ता पढाके क्या मिला इसकू? छोटा फरशी का काम करता, आठसौ रोज लाता."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्याला महिन्यात वीस दिवस जरी काम लागलं तरी त्याचे सोळा हजार होतात. त्यानं दहावीनंतर शाळा सोडली, तेव्हा त्याला समजवायला आम्हीच त्यांच्या घरी गेलो होतो.

हिशेब एवढ्यावर संपत नाही. बँकेत तिच्या नावावर बारा हजार जमा होतात आणि त्यातले साडेचार हजार दर महिन्याला रोख परत द्यावे लागतात. मे महिन्याचा पगार मिळत नाही. नेमणुकीचं पत्र कधी दिलेलंच नाही. अशी ती एकटी नाही. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर चार शिक्षक जमले की त्यातल्या दोघांची कहाणी हीच असते.

हे आलं कुठून ते आमच्या पिढीनं जवळून पाहिलं आहे. सन २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षं मानधनाची: प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५,०००. आम्हीही त्या चार हजारांतून गेलो. घरभाडं आणि किराणा दिला की दहा तारखेनंतर उधारीच. पुढे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झालं आणि तिथेच कितीतरी वर्षं अडकलं. हायकोर्टानं कान धरल्यानंतर १ जानेवारी २०२३ पासून १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. तीन वर्षं भरली की नियमित वेतनश्रेणी मिळते, म्हणून लोक सोसतात. आम्हीही सोसलं. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि त्या रांगेत आम्हीही आहोत.

विनाअनुदानितवाल्यांचं त्याहून वाईट झालं. २००१ मध्ये शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' हा शब्द आला. २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला, पण वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा यायला २०१६ उजाडलं. तोवर कितीतरी जणांनी शेती, शिकवण्या, किराणा दुकान यांवर संसार ओढला. आझाद मैदानावर वर्षानुवर्षं बसलेले ते शिक्षक टीव्हीवर दिसायचे, तेव्हा त्यांत ओळखीचा चेहरा शोधायची आम्हाला सवयच लागली होती.

आणि भरती? पवित्र पोर्टल आलं आणि पैशांशिवाय नोकरी मिळेल अशी आशा लागली. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत मुलींची लग्नं झाली, मुलं गल्फला गेली, काहींची वयं उलटली. उर्दू माध्यमात आणखी एक गाठ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा उर्दू शाळांतही असतात आणि त्या प्रवर्गांतले उमेदवार सहसा उर्दूत शिकलेले नसतात. जागा रिकामी राहते, वर्गात शिक्षक नसतो आणि बाहेर उर्दूतून डी.एड. केलेला पोरगा मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारत बसतो. आरक्षणाच्या हक्काला हात न लावता यातून वाट काढता येईल, पण त्यासाठी कुणीतरी नेटानं बसायला हवं.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कारखान्यातल्या कामगाराला किमान वेतन आहे, शिक्षकाला ते लागू नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे. १९९६ मध्ये १९४८ च्या किमान वेतन कायद्यातूनही तो बाहेरच राहिला. पेशा थोर आहे म्हणून कामगार नाही आणि कामगार नाही म्हणून पगाराला तळ नाही. या थोरपणाची किंमत आमच्या त्या मुलीनं दर महिन्याला साडेचार हजार मोजायची.

तरी सगळ्याच वाटा बंद नाहीत. महाराष्ट्रात खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. राज्याची मान्यता असलेली शाळा विनाअनुदानित असली तरी वेतनश्रेणीचं बंधन तिच्यावर आहे. नोकरीवरून काढलं तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ही तीस दिवसांची मुदत लक्षात ठेवा, लोक 'बघू, बोलू' करण्यातच ती घालवतात. ग्रॅच्युइटीही आहे. २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षकांना ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली. खाजगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. पाच वर्षं सलग सेवा झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. 'संस्थेत जागा आहे, काहीतरी बघावं लागेल' असा निरोप येतो, तेव्हा जमीन किंवा दागिना विकण्याआधी ती जागा मंजूर आहे का, अनुदानित आहे का, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात लेखी विचारा. दहा-बारा लाख देऊन साडेसात हजारांवर बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

परदेशाचंही तसंच. फिलिपाइन्समधल्या शिकलेल्या शिक्षिका हाँगकाँगला आणि आखातात घरकामाला जातात, कारण मायदेशातल्या पगारात भागत नाही. पण तिथल्या सरकारनं घरकाम करणाऱ्यांसाठी महिना ४०० डॉलरच्या खाली करार नाही अशी अट तरी घातली. आपल्याकडे २०२० मध्ये आखातासाठीचं शिफारशीचं किमान वेतनच खाली आणलं होतं, ओरड झाल्यावर २०२१ मध्ये ते मागे घेतलं. जाणाऱ्यानं एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावं. नोंदणीकृत एजंटला तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. इथे दीड-दोन लाख देऊन लोक जातात आणि पहिलं वर्ष कर्ज फेडण्यातच जातं.

आणि आपल्या अंजुमन, आपल्या सोसायट्या? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकलं असेल. शाळेची इमारत उभारताना चंदा पडतो, कमानीवर नावं कोरली जातात. शिक्षकाच्या पगारासाठी चंदा मागितल्याचं आम्हाला आठवत नाही. महमूदुर रहमान समितीनं २०१३ च्या अहवालात राज्यातल्या मुसलमानांत पदवीधर अवघे २.२ टक्के असल्याचं मांडलं होतं. त्या दोन टक्क्यांत पोहोचलेली मुलगी आपल्याच गल्लीतल्या शाळेत साडेसात हजारांवर असेल, तर तिच्या धाकट्या बहिणीला कॉलेजात घाला असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

दावतीनंतर ती मुलगी तिच्या अब्बांबरोबर घरी आली होती. नोंदवह्या, हजेरीचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचे शाळेचे आदेश, पासबुक, सगळं आम्ही एका फायलीत तारखेनुसार लावून दिलं. येत्या जूनमध्ये तिची पाच वर्षं पूर्ण होतात. मुख्याध्यापकांनी तिला तोंडी सांगितलं आहे, की मेमध्ये राजीनामा द्या आणि जूनमध्ये नव्यानं अर्ज करा. तिनं राजीनामा लिहिलेला नाही. अब्बा म्हणाले, नोकरी गेली तर? ती म्हणाली, साडेसात हजारच जातील.

फाईल सध्या आमच्याकडे आहे.