मिनी बाईक नुसतीच ओरडते? आधी दात मोजा

कोल्हापूर : जुन्या मोटारसायकलचं इंजिन, घरी वेल्डिंग केलेली चासी आणि छोटी चाकं. मिनी बाईक तयार होते, पण इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. मग पोरं इंजिन खोलायला बसतात. खरा दोष बहुतेक वेळा गिअरिंगचा असतो.

चाक लहान असलं की एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं. पुढच्या स्प्रॉकेटला 14 आणि मागच्याला 42 दात असतील तर प्रमाण 3 होतं. मागं 35 दातांचं बसवलं तर ते अडीचवर येतं. तेवढ्याच आरपीएमला वेग 20 टक्के वाढतो, पण ओढ कमी होते. चढाला, ओझ्याला 42च बरं. शिवाजी उद्यमनगरात लेथवर स्प्रॉकेटचं भोक जुळवून मिळतं.

त्यानंतर कार्बोरेटर. इंजिन गरम करून थोडं चालवा, बंद करा, गार झाल्यावर प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. पांढऱ्या प्लगवर पळवली तर पिस्टन जातो.

वेग वाढवण्याआधी दोन्ही ब्रेक तपासा. चेनवर गार्ड बसवा.

गाडी शेतातच ठेवा. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.