वॉरंटी आहे, पण कशाची?

कॅम्पस प्लेसमेंट झालं, पहिले दोन-चार पगार हातात आले की आपल्यापैकी बऱ्याच जणांचं पुढचं स्वप्न ठरलेलं असतं... चारचाकी! आणि शोरूममधल्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ऐकली की हे स्वप्न आपोआप सेकंड हँडच्या बाजारात येऊन उभं राहतं. तिथे पॉलिश मारून चकाचक केलेली गाडी असते, चहा असतो, आणि एक वाक्य हमखास असतं, "इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने वॉरंटी आहे, बिनधास्त घ्या!"

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'हमीपत्र' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मामाच्या तोंडून, आणि तोही भांडणात! त्या भांडणाची गोष्ट पुढे सांगतेच. पण आधी थोडी थिअरी. घाबरू नका, व्हायवा घेणार नाही.

लिंबांचा बाजार

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'द मार्केट फॉर लेमन्स' नावाचा एक शोधनिबंध लिहिला. अमेरिकेत आतून खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. अकरलॉफचं म्हणणं साधं होतं. जुनी गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना 'मधला' भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, त्यामुळे चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि लिंबं उरतात. या कामासाठी त्याला २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर विभागून.

यावरचा एक उपाय त्याच निबंधात आहे, तो म्हणजे गॅरंटी. विकणारा म्हणतो, "गाडीच्या आतलं मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही, म्हणून धोका माझा." वॉरंटीचा खरा अर्थ इतकाच. आणि भांडण कधी होतं? हा धोका बारीक अक्षरांतून हळूच परत गिऱ्हाइकाच्या खिशात सरकवला जातो तेव्हा.

कागदावर काय लिहिलेलं असतं?

सेकंड हँड गाडीबरोबर वॉरंटी मिळते ती साधारण तीन प्रकारची. पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची उरलेली वॉरंटी. ती सहसा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण पैसे भरून वाढवून घेतलेली असेल तर आपल्या नावावर करून घ्यावी लागते. दुसरी, डीलरची स्वतःची. तिसरी, डीलरने एखाद्या वॉरंटी कंपनीकडून घेऊन दिलेली. तिसऱ्या प्रकारात बिघाड झाला की डीलर म्हणतो कंपनीशी बोला, आणि कंपनी म्हणते डीलरशी बोला. त्यामुळे कागदावर शिक्का नक्की कोणाचा आहे, हे गाडी घेण्याआधीच पाहावं.

बहुतेक वॉरंटी-पत्रांत चार अटी असतात. ठरावीक पार्ट्सचीच यादी, एका क्लेमला मिळणारी कमाल रक्कम, बिघाड किती वेळात कळवायचा त्याची मुदत, आणि 'आमच्या परवानगीशिवाय गाडी खोलल्यास वॉरंटी रद्द'. शिवाय झिजणारे पार्ट्स वगळलेले असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बेल्ट, रबरी होज हे सगळं बाहेर. वापरून झिजणारी वस्तू कोणी फुकट बदलून देणार नाही, यात चूक काही नाही.

मग घोळ कुठे आहे? घोळ असा की इंजिन पार्ट्सच्या यादीनुसार बंद पडत नाही!

बिघाडांची साखळी

दोनशे रुपयांचा एक रबरी होज घ्या. होज फाटला, कूलंट वाहून गेलं, इंजिन तापलं. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा असतो. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ते बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे हेड वाकतं, मधलं गॅस्केट उडतं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि शेवटी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातं. आता सांगा, बिघाड कशाचा? होजचा म्हणाल तर वॉरंटी नाही. हेडचा म्हणाल तर आहे. गाडी तापल्याचा दिवा लागल्यावरही चालवत राहिल्याचा म्हणाल तर सगळा दोष गिऱ्हाइकाचा!

टायमिंग बेल्टचंही तसंच. बेल्ट मेंटेनन्समध्ये मोडतो, पण तो तुटला की काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि व्हॉल्व्ह यादीत असतात. म्हणजे वॉरंटीचं भांडण वरवर पैशाचं दिसलं तरी खरं असतं कारणाचं. 'पहिलं काय बिघडलं, आणि ते गाडी विकताना बिघडलेलं होतं का?' या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे पुराव्यासकट असतात, त्याचं पारडं जड.

मामाची गाडी

आमचा मामा साताऱ्याला प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. त्याने पुण्यातल्या एका डीलरकडून सात वर्षं वापरलेली एक डिझेल हॅचबॅक घेतली. सोबत सहा महिन्यांचं हमीपत्र आणि बरोबरच्या खुणांनी भरलेला एक तपासणीचा तक्ता. त्यात 'कूलिंग सिस्टिम' समोर ठळक 'ओके'. एक्केचाळिसाव्या दिवशी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली. मामाने दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन बंद केली, डॅशबोर्डचा फोटो काढला आणि तिथूनच डीलरला मेसेज टाकला. ते दोन मेसेज पुढे फार उपयोगी पडले.

गॅरेजवाल्याने एस्टिमेट दिलं बासष्ट हजार. डीलरचं फोनवर उत्तर, "होज वॉरंटीत येत नाही सर." मामाचं म्हणणं, "अहो, पण हेड तर येतं ना!" असं चार दिवस चाललं. शेवटी डीलर म्हणाला, खोला, मग बघू. मामाने हे 'खोला' मेसेजवर लिहून मागितलं. ते आल्याशिवाय त्याने मिस्त्रींना पान्याला हात लावू दिला नाही.

हेड उतरवताना मी मुद्दाम गेले होते. मिस्त्री आधी सगळं मामालाच समजावून सांगत होते. मी मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग ताई, तुम्हीच बघा की." रेडिएटरच्या तळाशी गाळासारखी पावडर साचलेली होती. गळती तात्पुरती बुजवायला टाकतात ती! हेड फेसिंगला टाकलं तेव्हा मशीन शॉपवाल्या काकांनी उंची मोजली. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा कमी भरली. म्हणजे हे हेड आधी एकदा कापलेलं होतं. गाडी पूर्वी कधीतरी तापलेली होती, आणि 'ओके'ची खूण कशाच्या जोरावर केली याचं उत्तर आता डीलरला द्यायचं होतं.

मामाने ते माप मशीन शॉपच्या बिलावर लिहून घेतलं, फोटो जोडले आणि रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. दोन आठवड्यांत तडजोड झाली. पार्ट्सचा खर्च डीलरचा, मजुरी मामाची. पूर्ण न्याय झाला का? नाही. मजुरी भरताना मामाचा चेहरा मला अजून आठवतो. पण 'होज वॉरंटीत नाही' या वाक्यावर प्रकरण संपलं असतं तर पूर्ण बासष्ट हजार त्याचेच गेले असते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९८५ पासून सेकंड हँड गाडीच्या काचेवर डीलरला 'बायर्स गाइड' लावावं लागतं. वॉरंटी आहे की गाडी 'जशी आहे तशी' विकली जातेय, हे त्यावर स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या वॉरंटीसाठी असा वेगळा कायदा नाही. पण आपण अगदीच निराधार नाही.

१९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे. मात्र गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांबद्दल ही हमी मिळत नाही. दाराला पडलेला पोचा दिसायला हवा होता. रेडिएटरच्या तळची पावडर कशी दिसणार? याच कायद्याच्या कलम ६२ नुसार करारात लिहून अशी हमी काढूनही टाकता येते. म्हणून 'जशी आहे तशी' या ओळीखाली सही करताना दोनदा वाचा. अर्थात, खोटं सांगून फसवलं असेल तर ही ओळ डीलरची ढाल होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'दोष' ठरवताना विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा धरला जातो. म्हणजे जाहिरात, मेसेज, तपासणीचा तक्ता सगळंच आलं. पुरेशी चाचणी न करता टिकाऊपणाची हमी देणं ही त्यात 'अनुचित व्यापार प्रथा' आहे. आणि गंमत म्हणजे, चाचणी केली होती हे सिद्ध करायची जबाबदारी तसा बचाव घेणाऱ्या विक्रेत्यावर आहे! आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला पुण्याला खेटे घालायला नकोत. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. गाडीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील केलाच पाहिजे असं नाही. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, काही तक्रारी तिथेच मिटतात.

एक लक्षात ठेवा. शेजारच्या काकांकडून थेट गाडी घेतली तर ते व्यापारी नाहीत, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा मिळत नाही. आणि डीलर कोण हेही तपासा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजू नका.

मग करायचं काय?

गाडी घेण्याआधी:
१. इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. डीलरने आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी ऑइलमध्ये जात असल्याचा संशय घ्या.
२. धूर पाहा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त, गाडी तापल्यावरही दाट पांढरा येत असेल तर कूलंट.
३. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि टायर मात्र गाडीपेक्षा नवे, असं असेल तर विचारा का ते.
४. ओबीडी स्कॅनर लावा. फॉल्ट कोड एकही नाही म्हणून खूश होऊ नका. 'रेडिनेस' चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते.
५. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन मेसेजवर मागा. पक्कं बिल, तपासणीचा तक्ता आणि हमीपत्र, तिन्हीवर सही-शिक्का घ्या.

बिघाड झाल्यावर:
१. गाडी लगेच बंद करा. डॅशबोर्ड, मीटर, जागा यांचे फोटो काढा.
२. त्याच दिवशी लेखी कळवा. नुसता फोन हा पुरावा नाही.
३. लेखी परवानगीशिवाय इंजिन खोलू नका. खोलण्याची मजुरी कोण देणार, हेही आधी ठरवा.
४. काढलेले पार्ट्स भंगारात जाऊ देऊ नका. तेच तुमचे साक्षीदार.
५. एस्टिमेटमध्ये पार्ट्स आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. 'इंजिन काम, एकूण इतके' असलं बिल कुठेच टिकत नाही.

शेवटी एक सांगावंसं वाटतं. आपल्यातले काही जण उद्या ऑटो कंपन्यांत आणि सर्व्हिस सेंटरमध्ये जाणार. वॉरंटीचा क्लेम पास की रिजेक्ट, हे ठरवणाऱ्या खुर्चीत कदाचित आपल्याच बॅचचं कोणीतरी बसलेलं असेल. समोर एखादा शिक्षक, एखादी नर्स वाकलेल्या हेडचा फोटो घेऊन उभी असेल. तेव्हा 'होज वॉरंटीत नाही' असं म्हणून फाइल बंद करणं सगळ्यात सोपं. पण होज का फाटला, रेडिएटरमध्ये काय साचलंय, हेडची उंची किती, हे बघायला आपल्याला चार वर्षं शिकवतात. मेट्रोलॉजीच्या लॅबमध्ये कंटाळा आला की हे आठवा... तो व्हर्नियर कोणाचे तरी बासष्ट हजार मोजत असतो!