टेस्टाटिका: फुकटच्या विजेची फिरती चकती

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातल्या लिंडेन गावी मेथर्निथा नावाचा धार्मिक समुदाय आहे. तिथल्या पाउल बाउमान यांनी बनवलेल्या ‘टेस्टाटिका’ यंत्रात दोन चकत्या एकमेकींच्या उलट फिरतात. हाताने एकदा झटका दिला की ते फिरतच राहतं आणि सुमारे ३०० व्होल्टने ३ किलोवॅट वीज देतं, असा दावा आहे. ते चालत असेल कसं, यावर कित्येक वर्षं तर्क लढवले जात आहेत.

गैरसमज: हे तंत्र विज्ञानाला अनोळखी आहे.
वस्तुस्थिती: ब्रिटिश अभियंते जेम्स विमशर्स्ट यांनी १८८० च्या दशकात असंच यंत्र विकसित केलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हँडल फिरवून ठिणगी पाडतात, तेच हे. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. त्यांना दूर नेताना हाताला जो जोर लावावा लागतो, त्याचीच वीज होते.

गैरसमज: अशा चकत्यांवरचे हजारो व्होल्ट म्हणजे भरपूर वीज.
वस्तुस्थिती: थंडीत स्वेटर काढताना चटका देणारी ठिणगीही हजारो व्होल्टची असते, तिच्यावर दिवा लागत नाही. सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टच्या आसपास हवाच दगा देते आणि प्रभार निसटतो. त्यामुळे अर्धा मीटर व्यासाच्या, सेकंदाला एक फेरा घेणाऱ्या चकत्यांकडून दहा-वीस मायक्रोअँपिअरच मिळतील. ३०० व्होल्टला ३ किलोवॅट हवे तर १० अँपिअर लागतात, म्हणजे लाखो पट जास्त.

गैरसमज: ही वीज वातावरणातून येते.
वस्तुस्थिती: निरभ्र दिवशी जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचा फरक असतो, हे खरं. पण हवेतून जमिनीत उतरणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की एक चौरस किलोमीटरवरचा सगळा गोळा केला तरी हाती जेमतेम अर्धा वॅट लागेल.

गैरसमज: कुणी न फिरवता फिरतं, म्हणजे ऊर्जा फुकट.
वस्तुस्थिती: विमशर्स्टची दोन यंत्रं तारांनी जोडून एक फिरवलं, तर दुसरं मोटरसारखं फिरू शकतं. साठवलेल्या प्रभारावरही चकती काही काळ फिरेल. मात्र घर्षणात आणि हवेत गळती होतेच. दिलं त्याहून कमीच परत मिळतं.

गैरसमज: शास्त्रज्ञांनाही हे कोडं सुटलं नाही.
वस्तुस्थिती: कोडं त्यांच्या हाती दिलंच कुठे? पाहुण्यांना यंत्र दाखवलं गेलं, स्वतंत्र तपासणीला मात्र मिळालं नाही.

३ किलोवॅट म्हणजे दिवसाला ७२ युनिट. यंत्र कुलूपबंद खोलीत ठेवा, मीटर लावा, आठवड्याने आकडा वाचा. तो ५०४ भरला, तर ‘कसं चालतं’ हे जरूर शोधू. तोवर ‘चालतं का’ हाच खरा प्रश्न आहे.